पाच जण, एक व्हॅन आणि नक्की किती वाजले?

अमेरिकेत एमएस संपत आलं की माणसाला दोन गोष्टी सुचतात. एक म्हणजे घरातलं फर्निचर कोणाच्या तरी गळ्यात मारणं. आमची हॉलमधली गादी आम्हाला एका सीनियरनं फुकट दिली होती, त्याला त्याच्या सीनियरनं, आणि तिच्या मूळ मालकाची पोरं एव्हाना कॉलेजात गेली असतील असा आमचा अंदाज आहे. दुसरी गोष्ट म्हणजे रोड ट्रिप.

ही ट्रिप नेमकी तेव्हाच निघते, कारण आधी वेळ नसतो. पैसे आधीही नसतात आणि तेव्हाही नसतात, पण वेळ मात्र अचानक रग्गड मिळतो. परीक्षा झालेली असते, लीझ महिनाअखेरीला संपणार असतं, ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर तिथं तात्पुरती नोकरी करायच्या परवानगीचा, अर्ज गेलेला असतो आणि कामाचा परवाना देणारं ते कार्ड टपालानं कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. एकदा ओपीटी सुरू झालं की एकूण ९० दिवसच बिननोकरीचं राहता येतं. म्हणजे तिथं बेकारीलासुद्धा रेशन आहे. हे रेशन सुरू व्हायच्या आधी जे दिवस बेकार जातात, त्यांना सुट्टी म्हणायची पद्धत आहे.

घरी विचारलं तर बाबा म्हणाले, "आधी नोकरी बघ, मग काय फिरायचं ते फिर." आणि त्याच फोनवर, मध्ये श्वासही न घेता, "एवढा तिकडं राहून ग्रँड कॅन्यन नाही बघितलास अजून?"

तर डॅलसजवळच्या एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहणारे आम्ही पाच जण निघालो. काका, मॅडम, नागपूरकर, सांगलीकर आणि मी. काका म्हणजे वयानं काका नव्हेत. हिंजवडीत चार वर्षं नोकरी करून मग एमएसला आलेला आमच्यातला एकमेव माणूस, ज्यानं पंचविशी ओलांडली होती. भाड्याची गाडी घेताना ड्रायव्हर पंचविशीच्या आतला असेल तर दर दिवसाला जादा पैसे लागतात. त्यामुळे ज्या माणसाला दोन वर्षं वर्गात म्हातारा म्हणून हिणवलं, त्याचं वय त्या दिवशी आमची सर्वांत मोठी ठेव ठरली. काकांनी तिची पुरेपूर वसुली केली. एसी किती, गाणी कुठली, खिडकी कोणाची, सगळं तेच ठरवत.

मॅडम ठाण्याच्या. त्यांनी एक्सेल शीट केली होती. शीटमध्ये प्रत्येक थांब्याला वेळ, अंतर, दर माणशी खर्च आणि 'भावनिक महत्त्व, पाचपैकी' असा एक रकाना होता. ग्रँड कॅन्यनला पाच, टेक्सासला शून्य.

गाडी आम्ही वेबसाइटवर भलीमोठी एसयूव्ही बघून ठरवली होती. फोटोखाली बारीक अक्षरांत 'किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं. काउंटरवर जी मिळाली ती तत्सम होती. सरकत्या दाराची, पांढरी, दार लावताना टूंक टूंक करणारी मिनीव्हॅन. नागपूरकरानं एक चक्कर मारून पाहिली आणि म्हणाला, "हे तं शाळेची व्हॅन आहे ना बे." तिच्या डॅशबोर्डवरच्या घड्याळात भलतेच काहीतरी वाजले होते आणि ते लावायचं कसं हे शेवटपर्यंत कोणालाही सापडलं नाही. पाच इंजिनिअर होतो, त्यातल्या दोघांचं स्पेशलायझेशन एम्बेडेड सिस्टिम्स, म्हणजे असल्याच यंत्रांच्या आतले छोटे संगणक.

टेक्सासला मॅडमनी शून्य का दिलं ते लवकरच कळलं. डॅलसहून अमरिलो साडेतीनशे मैलांच्या वर आणि त्यापुढेही न्यू मेक्सिकोची हद्द यायला तासभर. सगळं मिळून साधारण पुणे-नागपूर होतं, आणि नागपूरकर आयुष्यभर ट्रॅव्हल्सच्या गाडीनं ते अंतर झोपून काटत आलेला. त्यानं मागच्या सीटवर उशी घेतली आणि बाकीच्यांनी टेक्सास पाहिलं. टेक्सासमध्ये बघायला आणखी टेक्सास असतं.

अमरिलोच्या बाहेर कॅडिलॅक रँच आहे. १९७४ साली काही कलाकारांनी दहा कॅडिलॅक गाड्या शेतात नाक खाली करून पुरल्या. आता कोणीही येतं आणि स्प्रेचा डबा घेऊन त्यांच्यावर रंग मारतं. आम्हीही मारला. काका मात्र हाताची घडी घालून लांब उभे होते. म्हणाले, "इन्शुरन्स कोणी क्लेम केला असेल?"

खाण्याचं फार लिहीत नाही. ठेपले होते, चिवडा होता, राइस कुकर होता. सांगलीकरानं मोटेलच्या खोलीत वरणाला फोडणी द्यायचा प्रयत्न केला तेव्हा छतावरच्या स्मोक अलार्मनं सगळ्या मजल्याला त्याची बातमी दिली. त्यानंतर बिनफोडणीचं वरण.

खरी गंमत पासची. राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा पास तेव्हा ८० डॉलरला मिळायचा. एका गाडीतले सगळे त्यावर आत. मॅडमनी तो घेतला आणि त्या क्षणापासून ही सहल राहिली नाही, वसुली मोहीम झाली. ग्रँड कॅन्यनचं तिकीट गाडीमागे ३५ डॉलर. म्हणजे ४५ वसूल व्हायचे बाकी. म्हणून वाटेत पेट्रिफाइड फॉरेस्टला गाडी वळली, तिथले २५. वीस कोटी वर्षांहून जुनी झाडं, लाकडाचा दगड झालेला, आत जांभळे-लाल स्फटिक. मी थक्क होऊन बघत होतो आणि मागून आवाज आला, "साठ झाले." उरलेल्या वीसासाठी फ्लॅगस्टाफच्या वर सनसेट क्रेटर. हजारएक वर्षांपूर्वी फुटलेला ज्वालामुखी, काळ्या राखेचा डोंगर, तिकीट २५. मॅडमच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो सूर्याचा नव्हता. पाच डॉलर नफा झाला होता.

मग तो नफा घेऊन मॅडम हॉर्सशू बेंडला, म्हणजे नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणाला, पोचल्या. तिथलं पार्किंग पेज गावाच्या नगरपालिकेचं, दहा डॉलर, पास चालत नाही. बूथवरच्या माणसाला त्यांनी पास दोन्ही बाजूंनी दाखवला, लॅमिनेशनसुद्धा दाखवलं. तो "येस मॅम, टेन डॉलर्स" एवढंच म्हणत राहिला. पण हे नंतरचं. मध्ये ग्रँड कॅन्यन आणि त्याच्यामागोमाग वेळेचा घोळ यायचा आहे.

ग्रँड कॅन्यनबद्दल काय सांगणार. ४४६ किलोमीटर लांब, सुमारे दीड किलोमीटर खोल. पलीकडचा काठ समोर दिसतो, पाखराला दहा मैल. गाडीनं जायचं तर दोनशेच्या वर मैलांचा वळसा. आम्ही कठड्याला टेकून गप्प उभे राहिलो. मग सांगलीकर म्हणाला, "लई मोठं हाय." नागपूरकर म्हणाला, "हो." पुढच्या पाच मिनिटांत कोणीतरी महाराष्ट्रातली कुठलीतरी दरी काढणार हे मला माहीत होतंच. काकांनी सांदण दरी काढली. तिथं पार्किंगला किती घेतात हेही सांगितलं. खाली उतरण्याच्या वाटेवर बोर्ड आहेत, त्यांचा आशय असा की उतरणं ऐच्छिक आहे, चढणं सक्तीचं. आम्ही ऐच्छिक विषय घेतला नाही.

आता वेळ.

ॲरिझोना हे राज्य अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांसारखं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करत नाही. १९६७ साली त्यांनी एकदा करून पाहिलं. ऊन आणखी एक तास जास्त सोसावं लागतं एवढीच कमाई झाली, तेव्हा १९६८ पासून नाद सोडला. शहाणपणाचंच झालं. फिनिक्सच्या माणसाला संध्याकाळ लांबवण्यात काय रस असणार? पण राज्याच्या ईशान्येला नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या मूळनिवासी लोकांचा स्वायत्त प्रदेश, आहे. नवाहोंची भूमी यूटा आणि न्यू मेक्सिकोतही पसरली आहे, तिथली घड्याळं पुढं जातात, म्हणून सगळ्या नवाहोंची वेळ एकच असावी या हिशोबानं तेही पुढं करतात. हेही बरोबर. आणि या नवाहो नेशनच्या पोटात, चहूबाजूंनी वेढलेली, होपी लोकांची भूमी आहे. होपी घड्याळ पुढं करत नाहीत. म्हणजे सरळ गाडी हाणली तर दुपारभरात तुम्ही चार वेळा तासानं म्हातारे आणि तरुण होऊ शकता. प्रत्येकाचं म्हणणं वेगवेगळं ऐकलं तर पटतं, तिघांनाही एकाच व्हॅनमध्ये बसवून ऐकलं की पटत नाही.

आमचा मुक्काम ट्यूबा सिटीत, म्हणजे नवाहो वेळेत. रस्त्याच्या पलीकडं मोएनकोपी, होपींचं गाव. मोबाइल कुठला टॉवर पकडेल त्याप्रमाणे वेळ दाखवत होता. काकांचा फोन ॲरिझोनात होता, माझा नवाहोत, आणि नागपूरकराच्या मनगटावर वडिलांनी दिलेलं एचएमटी अजून टेक्सासची सीमा ओलांडायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेजला अँटिलोप कॅन्यनची टूर ठरलेली. ही चिंचोळी घळ नवाहो भूमीत आहे आणि वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लांब कुठंतरी पडलेल्या पावसाचा लोंढा घळीत शिरला आणि अकरा पर्यटक वाहून गेले होते, त्यामुळे या बाबतीत तिथं चेष्टा नाही. वेळ चुकली तर तिकीट गेलं. घळ नवाहोंची, पण टूरवाले चालतात पेजच्या वेळेनं आणि पेज ॲरिझोनाच्या वेळेनं. टूर साडेअकराची.

आणि टूरच्या आदल्या रात्री अकराला सांगलीकराला न्यू जर्सीच्या एका रिक्रूटरची ईमेल आली. 'उद्या बारा वाजता, तुमच्या वेळेनं.' तुमच्या वेळेनं! रेझ्युमेवर पत्ता डॅलसचा. म्हणजे डॅलसचे बारा, न्यू जर्सीचा एक, नवाहोंचे अकरा, पेजचे दहा.

"आणि आमच्यात रात्रीचे साडेदहा," सांगलीकर म्हणाला. त्याच्या आईला मुलाखतीच्या वेळेला देवापाशी दिवा लावायचा होता, त्यामुळे तोही रकाना शीटमध्ये घालावा लागला.

मॅडम रात्री बाथरूमच्या दिव्यात लॅपटॉप घेऊन बसल्या. बारा वाजता (कुठले ते विचारू नका) बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं, "आजपासून आपण सगळे ॲरिझोनात आहोत. पूर्ण शीट ॲरिझोना वेळेत केली आहे. कोणीही स्वतःच्या घड्याळात बघायचं नाही." दोन वर्षांत भांड्यांच्या पाळीवरून आमचं कधी एकमत झालं नव्हतं, ते त्या रात्री झालं.

सकाळी पेजला पोचलो. पाऊण तास हातात होता. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये व्हॅनच्या मागच्या सीटवर मोटेलची... नाही, आमचीच चादर टांगून स्टुडिओ तयार केला. सांगलीकर वरून शर्ट-टाय, खालून बर्म्युडा. एसीसाठी इंजिन चालू, त्यामुळे काका बाहेर उन्हात उभं राहून मनातल्या मनात गॅलन मोजत होते. आम्ही तिघं सुपरमार्केटमध्ये गारव्याला शिरलो आणि टरबुजांची निवड या विषयावर इतका वेळ काढला की तिथल्या बाईनं दोनदा मदत हवी का विचारलं.

परत आलो तर मुलाखत चालूच. काचेतून ऐकू आलं. तिकडून बहुधा विचारलं असावं, आत्ता कुठं असता. सांगलीकर थांबला. डोळे मिटून म्हणाला, "सर, करंटली आय ॲम इन ट्रान्झिशन." नंतर कळलं की रिक्रूटरला हे उत्तर फार आवडलं, करिअरबद्दल आहे असं वाटलं त्याला. तेवढ्यात नागपूरकरानं पाण्याच्या बाटलीसाठी सरकतं दार उघडलं. टूंक, टूंक, टूंक. चादर पडली, मागे राइस कुकर आणि लटकवलेला वाळत घातलेला टॉवेल न्यू जर्सीला दिसले. "आय थिंक यू हॅव कंपनी," रिक्रूटर म्हणाला आणि पुढच्या फेरीचं कळवतो म्हणाला. (कळवलं नाही. पण ते कुकर नसतानाही कळवत नाहीत.)

साडेअकराची टूर मिळाली. घळीत वरून ऊन तिरकं येतं आणि भिंती केशरी, मग जांभळ्या होत जातात. नवाहो वाटाड्या आपला फोन घेऊन स्वतःच कॅमेऱ्याची सेटिंग लावून देतो. आमचे सगळ्यांत चांगले फोटो त्यानं काढलेले आहेत आणि त्यांत आम्ही नाही.

परतीचा प्रवास रात्रभराचा. काका चालवत होते, मी शेजारी बसून त्यांना झोप येऊ नये म्हणून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीबद्दल बोलत होतो. त्या विषयावर कोणालाही झोप येत नाही. गाडी सकाळी दहापर्यंत द्यायची होती. शीटप्रमाणे आम्ही सव्वानऊलाच डॅलसच्या काउंटरवर होतो. मॅडमनी छाती पुढं काढून किल्ली ठेवली.

काउंटरवरच्या बाईनं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. सव्वाअकरा.

"ॲरिझोनात सव्वानऊच झालेत," मॅडम म्हणाल्या.

"हे टेक्सास आहे, हनी," बाई म्हणाली आणि एका जादा दिवसाचं भाडं लावलं. काकांनी वादाचा प्रयत्न केला, होपींचाही दाखला दिला. उपयोग झाला नाही.

बाहेर फुटपाथवर बॅगांच्या ढिगावर बसून मॅडमनी स्प्लिटवाइज हे खर्चवाटपाचं ॲप उघडलं आणि ती रक्कम पाच भागांत टाकली. चौघांनी निमूट मान्य केलं. नागपूरकर हिशोबाकडे बराच वेळ बघत राहिला.

"माझ्या नावावर कायले टाकलं बे?" तो म्हणाला. "न्यू मेक्सिकोत शिरलो तेव्हा झोपून होतो, टेक्सासात शिरलो तेव्हाही झोपून होतो. तुमचे गेले असतील दोन तास. माझे नाही गेले." आणि मनगट पुढं करून त्यानं एचएमटी दाखवलं. त्यात बरोबर सव्वाअकरा वाजले होते.