जिन्याखालची खोली आणि दुसरीचा वर्ग

गेली 11 वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या शाळांमधून मी स्पीच थेरपिस्ट म्हणून फिरते आहे. सध्या 4 शाळा आहेत. नव्याने या कामात आलेल्या मुलींचे फोन येतात, "ताई, शाळेत रुजू झालेय, सुरुवात कुठून करू?" दर वेळी फोनवर अर्धंच सांगणं होतं, म्हणून इथे लिहिते.

पहिल्या दिवशी तुम्हाला एक खोली दाखवतील. बहुतेक जिन्याखालची, गुंडाळलेले नकाशे आणि लेझीम ठेवलेली. मीही तिथेच बसायचे. आठवड्यातून एकदा मुलाला वर्गातून बोलवायचं, 20 मिनिटं आरशासमोर बसवून 'क' घोटून घ्यायचा, परत पाठवायचं. आत 'कार' स्वच्छ म्हणणारं मूल उंबरठा ओलांडला की पुन्हा 'तार' म्हणायचं. आठवडाभर ते जिथे बोलतं तिथे मी नव्हतेच. आज माझं मत पक्कं आहे: खोली तपासणीपुरती ठेवा, काम वर्गात न्या.

तपासणीत सगळ्यात आधी कान. आईला विचारा, कान वाहतो का, सर्दी झाली की टीव्हीचा आवाज वाढवतो का. ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय उच्चारांना हात लावू नका. 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळालेली कितीतरी मुलं मी पाहिली, ज्यांना सर्दीच्या दिवसांत अर्धंमुर्धंच ऐकू यायचं.

कार-तारचा खेळ वर्गात सहज होतो. दोन चित्रं ठेवायची. मूल 'तार' म्हणालं की बाकावरच्या मित्राने तारेचंच चित्र हातात द्यायचं. मूल चमकतं, "ही नाही!" आवाज बदलला की अर्थ बदलतो, हे त्याला तिथे स्वतःहून उमगतं. मग गार-दार घ्या.

बाईंच्या हातात सूचनांचा कागद देऊ नका. त्यांच्यापुढे 40 मुलं असतात. महिन्याला एकच गोष्ट मागा आणि ती आधी त्यांच्या वर्गात स्वतः करून दाखवा. मी पहिल्या महिन्यात फक्त थांबायला सांगते: प्रश्न विचारल्यावर मनात 5 अंक मोजा, मगच दुसऱ्या मुलाकडे वळा. दुसऱ्या महिन्यात, मूल "माझी दप्तर" म्हणालं तर "हो, तुझं दप्तर कुठंय?" एवढंच म्हणा. चूक दाखवायची नाही, पुन्हा म्हणून घ्यायचं नाही. बरोबर रूप त्याच्या कानावर पडत राहिलं पाहिजे.

गणिताच्या तासाला जरूर बसा. एक मुलगा बेरीज-वजाबाकी झरझर करायचा, पण शाब्दिक उदाहरण आलं की पाटी कोरी. बाई म्हणाल्या, गणित कच्चं आहे. खरं तर त्याला 'प्रत्येकी', 'पैकी', 'पेक्षा' हे शब्दच कळत नव्हते. शेंगदाणे घेऊन बसलो. तिघांना प्रत्येकी चार, बारापैकी पाच खाल्ले. अशा मुलांचे उच्चार स्पष्ट असतात, त्यामुळे आपल्याकडे त्यांना कोणी पाठवतच नाही. इंग्लंडमधल्या अभ्यासांत 30 मुलांच्या वर्गात साधारण 2 मुलांना भाषेची अशी अडचण आढळली आहे. ती शोधायची तर वर्गातच बसावं लागतं.

आणि हजेरी. तिसरीतला एक मुलगा रोज सकाळी पोट दुखतं म्हणायचा. 'हजर' शब्दावर तो अडायचा, ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही, आणि मागून हसू यायचं. "श्वास घे, हळू बोल" हे सांगून अडखळणाऱ्या मुलावरचा ताण वाढतोच. त्याचा शब्द पुरा करणंही तसंच. दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून बोलताना अडखळणं बहुतेकदा खूप कमी होतं, म्हणून बाईंनी एका बाकावरच्या दोघांनी मिळून हजेरी द्यायची पद्धत सगळ्या वर्गाला लावली. तो अजूनही अडखळतो. पण सकाळचं पोट दुखणं थांबलं.

आता आमच्या खान्देशाबद्दल. शाळेत माझ्याकडे 'उच्चारदोष' म्हणून येणाऱ्या यादीत दर वर्षी डोळ्याला 'डोया' आणि पाण्याला 'पानी' म्हणणारी मुलं असतात. ती त्यांच्या घरची बोली आहे. तिच्यात दोष नाही, आणि थेरपी तर नकोच. म्हणून तपासणीत मी आईला किंवा आजीला समोर बसवून त्याच चित्रांची नावं विचारते. घरात सगळेच 'डोया' म्हणत असतील तर ते नाव यादीतून काढते आणि कारण बाईंना समजावून सांगते.

गेल्या जुलैत पहिलीतल्या एका मुलाची आजी आली होती. मूल उशिरा बोलायला लागलं, म्हणून कोणीतरी घरात फक्त शुद्ध मराठी बोलायला सांगितलं होतं. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मागे पडत नाही. पण आजीला अहिराणीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून ती वर्षभर नातवाशी जवळजवळ गप्पच होती. मी चित्रांचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, "आजी, तुमच्या बोलीत सांगा त्याला." तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याला मांडीवर ओढलं. मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी दोघांचं बोलणं चालूच होतं.