स्वीडनचा दाखला देऊ नका

आमच्या गावच्या ग्रुपवर चुलतभावाने बातमी टाकली : 'स्वीडनने शाळेतले टॅब बाजूला केले, पुस्तकं परत आणली.' खाली त्याची टीप, 'मग आपले गुरुजी स्मार्ट टीव्हीसाठी लोकवर्गणी मागत कशाला फिरायलेत?' आणि मला टॅग. मी स्वीडनमध्ये राहतो ना, म्हणून साक्षीदार.

बातमी खोटी नाही. चौथीच्या मुलांच्या वाचनाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, तिच्यात स्वीडनचे गुण २०१६ ला ५५५ होते, २०२१ ला ५४४ झाले. तेवढ्यावर इथं केवढी ओरड झाली! २०२३ मध्ये सरकारने पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर काढले, बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्तीही मागं घ्यायचं ठरवलं. पण हे परत फिरले ते पुस्तकांकडे. माझ्या दुसरीतल्या मुलीच्या दप्तरात दर आठवड्याला शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक येतं, ओल्या हातमोज्यांखाली दबलेलं, कोपरे फुगलेले. बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेने टीव्ही नाकारून परत कुठं जायचं? पुस्तकांचं कपाट आहे, त्याची किल्ली सापडली तर.

वहिनी दुसऱ्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. दसरा झाला की त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं आई-बापाबरोबर कोयत्यावर जातात. वहिनी धड्याचे व्हिडिओ बापाच्या मोबाइलवर पाठवतात. दिवसभर मोबाइल बापाच्या खिशात, उसाच्या फडात. रात्री कोपीत चार्जिंग उरलं असलं तर पोरगं बघणार. त्याचा स्क्रीन टाइम कमी करा म्हणून कोण सांगणार आहे?

आणि हा चुलतभाऊ! त्याची स्वतःची पोरं लातूरला ज्या शाळेत जातात तिच्या फलकावर 'डिजिटल क्लासरूम' हाताएवढ्या अक्षरांत आहे. तिथली फी तो मुकाट भरतो. टीव्हीचे पैसे मी देतो असं लिहिलं, तर म्हणे, 'पैशाचं नाही भाऊ, तत्त्वाचं आहे.' वर कुणीतरी, 'तुम्हाला काय, क्रोनरमध्ये पगार.'

बोलणं झोंबलं. कारण स्क्रीनची बाजू मी घेतो ती काही सगळी त्या पोरांसाठी नाही. इथं मातृभाषेचा तास मिळतो, पण कम्यूनमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, त्या भाषेची पाच मुलं आणि एक शिक्षक पाहिजे. आमच्याकडे मराठीची मुलं दोन, त्यातलं एक माझं. तिची मराठी टॅबमधूनच येते, रविवारी, आजीकडून. 'काय करायलीस गं बाई?' आई विचारते आणि पोरगी तासभर आजीला शाळेतली भांडणं सांगते, अर्धी स्वीडिशमध्ये. आई सगळ्याला 'हो का!' म्हणते. बायको टॅबला वेळ लावायचं म्हणाली की मी रविवार वगळायला लावतो.

त्याच वेळी खाली अंगणात सगळी बिल्डिंग बर्फात पोरं घेऊन उतरलेली असते. शेजारीण जिन्यात विचारते, तुमची का नाही येत? मी सर्दी झालीय म्हणून सांगतो.