पाणी पाचव्या क्रमांकावर

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ असतो आणि त्याचं अक्षर बरं असतं, असा आमच्या सोलापूरच्या क्लबात समज आहे. त्यामुळे सभासद झालो त्या दिवशी चहा संपायच्या आत वृत्तान्ताची वही माझ्या मांडीवर आली आणि तिथंच राहिली. सचिव वेगळे आहेत. ते पितळी घंटेशेजारी बसतात, कोटाला पिन लावतात आणि 'मागील सभेचा वृत्तान्त कायम करण्यात आला' एवढं म्हणतात. लिहिला कुणी, हे कुणी विचारत नाही.

अशा सेवाभावी क्लबांचं वर्ष जुलैत उजाडतं. नवे अध्यक्ष येतात आणि त्यांना 'आपल्या वर्षात' काहीतरी भव्य करायचं असतं. मागच्या अध्यक्षांच्या वर्षात झाडं लावली होती. फोटो चांगले आलेत. यंदाचे अध्यक्ष टॉवेलचे कारखानदार. पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची आपल्याकडं रीतच आहे, त्यामुळे क्लबाचा सत्काराचा खर्च वाचला. टेरी टॉवेलही असा दणदणीत, की पाहुणे भाषणभर त्यानंच घाम पुसतात.

तर यंदा अध्यक्षांनी शहराचे प्राधान्यक्रम ठरवायचं काढलं. पाच मुद्दे, त्यांचं निवेदन, आणि निवेदन देतानाचा फोटो.

"पाचच बरं का," ते म्हणाले. "साहेब लोक पाचाच्या पुढं वाचत नाहीत."

मला वाटलं, पहिल्या मुद्द्याला तरी चर्चा लागणार नाही. सोलापुरात पहिला मुद्दा कुणाला विचारून ठरवावा लागतो होय? आमचं पाणी येतं ते उजनी धरण ११७ टीएमसीचं. त्यातला ६३ मृतसाठा. आमच्याकडं शाळकरी पोराचा सतराचा पाढा चुकेल, मृतसाठ्याचा आकडा चुकायचा नाही. पावसाळ्यात धरण शंभर टक्क्यांच्या वर जातं, पेपरात दरवाजांचे फोटो येतात, आणि इकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्याही खाली जातं आणि टक्केवारी उणे होते, तेव्हाही चार-पाच दिवसांनी. म्हणजे धरण भरो की आटो, आमच्या नळाच्या निष्ठेत फरक नाही. उजनीहून यायच्या समांतर जलवाहिनीचं नाव तर आम्ही इतकी वर्षं ऐकतोय, की घरातलीच कुणी लांबची आत्या असावी असं वाटतं.

पण अध्यक्षांना लोकशाही आवडते. त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकानं आपला मुद्दा लिहायचा, आणि वाचायच्या अर्थात मी. पहिली चिठ्ठी: 'आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला स्पीडब्रेकर काढणे.' दुसरी: 'आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला स्पीडब्रेकर उंच करणे.' अक्षरं निराळी, गल्ली एकच. दोन्ही सभासद शेजारीशेजारी बसून एकमेकांना भज्जी वाढत होते. तिसऱ्या चिठ्ठीत मोकाट कुत्री, चौथीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतलं पार्किंग. पाचवीत नुसतं 'डॉक्टर सांगतील तसे' लिहिलेलं. डॉक्टर त्या दिवशी आलेच नव्हते.

मग वकीलसाहेब उठले. त्यांचं भाषण कुठल्याही विषयावर असो, सुरू होतं १९३० सालच्या मार्शल लॉपासून. देशात मार्शल लॉ भोगलेलं हे शहर, त्याला आज ड्रेनेज मिळू नये? मुद्दा खरा आहे, अभिमानही खरा आहे. चार हुतात्म्यांचं नाव घेतलं की आम्ही सगळे सावरून बसतो. अडचण एवढीच की वकीलसाहेब १९३० हून वर्षावर्षानं पुढं येतात. १९६४ ला महापालिका झाली तोवर भज्जी संपली. २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपला नववा नंबर लागला, तोवर मागच्या रांगेतले दोघं घोरत होते. ड्रेनेजपाशी ते पोचले तेव्हा सचिवांनी घंटा वाजवली.

आमची सभा चालते चार भाषांत. मुद्दा मराठीत मांडतात, पैशाचा विषय कन्नडात कुजबुजतात, टोमणा हिंदीत मारतात. एमआयडीसीतले अण्णा चिडले की तेलुगूत जातात. वृत्तान्तात मी अशा ठिकाणी 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहितो.

त्या दिवशी सविस्तर चर्चा झाली ती विमानावर. होटगी रोडच्या विमानतळाला साखर कारखान्याची चिमणी आड येते की नाही, यावर या शहरानं जेवढी वर्षं भांडण केलं तेवढ्यात माझ्या मुलाचं बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंत शिक्षण झालं. जून २०२३ मध्ये चिमणी पाडली, २०२४ मध्ये उद्घाटन झालं आणि जून २०२५ मध्ये पहिलं विमान उडालं ते गोव्याला. सोलापूरकराला गोव्यात काय काम, असा प्रश्न आमच्या अण्णांना पडला. ज्यांना काम होतं ते गप्प बसले.

"मुंबईचं विमान सकाळचं पाहिजे," बिल्डर म्हणाले. "पार्टी सकाळी यावी, प्लॉट बघावा, संध्याकाळी परत."

"आधी बोरामणीचं बोला की," वकीलसाहेब पुन्हा उठले. "मोठा विमानतळ तिथं व्हायचाय."

"तिथं माळढोक पक्षी आडवा येतोय ओ."

"माळढोक शिल्लक तरी राहिलाय का?"

"तेच तर. दिसत नाही म्हणून काढताही येत नाही त्याला."

मी हे वाक्य वहीत लिहिलं आणि मग खोडलं. निवेदनात शोभलं नसतं, पण त्या संध्याकाळचं सर्वांत मुद्द्याचं वाक्य तेच होतं.

नंतर गाडी खरोखरच गाड्यांवर आली. आमच्या क्लबातल्या जवळजवळ सगळ्यांची पोरं पुण्यात. सोलापुरात आयटी पार्क पाहिजे असं सगळे तावातावानं बोलतात, पण त्याच दमात पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवतात. वंदे भारत आल्यापासून नातवंडांना न्यायच्या शेंगापोळ्या ताज्या पोचतात, हा मुद्दा एका काकांनी इतक्या जीव लावून मांडला की आयटी पार्क राहिलाच बाजूला. मी पण काही बोललो नाही. माझा डबा शनिवारी जायचा होता.

एवढं झाल्यावर शेवटी मतदानाला सुरुवात झाली. "पाणी पहिलं, कुणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं. कुणाचीच नव्हती. हात वर जायला लागले, तेवढ्यात जुळे सोलापूरच्या एका सभासदाचा फोन वाजला. फोन कानाला लावायची गरज नव्हती, वहिनींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. "अहो, पाणी आलंय! मोटार चालू होईना. या की लवकर, गेलं तर परत चार दिवस बसा बोंबलत!"

ते उठले. पाठोपाठ त्याच भागातले सगळे उठले. कुणाच्या हातात हेल्मेट, कुणाच्या हातात अर्धी कडक भाकरी. ज्यांचे हात पाण्याच्या बाजूनं वर होते नेमके तेच निघाले. भाडेकरूच्या आधी टाकी भरली पाहिजे म्हणून एकजण तर पिनसकट, कोटसकट, सचिव असूनसुद्धा पळाले. घंटा तेवढी टेबलावर राहिली.

उरले कोण? ज्यांच्याकडं बोअर आहे ते, ज्यांच्याकडं आदल्या दिवशीच पाणी येऊन गेलं होतं ते, आणि वहीमुळे मी. पोट भरलेल्या माणसाला भुकेचा मुद्दा आठवतो पण पहिला आठवत नाही. बिल्डरांनी मुंबईचं सकाळचं विमान एकमतानं पहिलं करून घेतलं. दुसरं पुण्याच्या गाड्यांचं. तिसरं ड्रेनेज, कारण वकीलसाहेब पुन्हा १९३० पासून सुरुवात करायच्या बेतात होते. चौथ्यावर स्पीडब्रेकर आला. काढावा की उंच करावा यावर तोडगा म्हणून 'योग्य ती कार्यवाही' लिहिलं. पाणी पाचवं.

"अहो, पाणी शेवटी?" मी विचारलं.

"शेवटी म्हणजे यादीत आहे की," अध्यक्ष म्हणाले. "लिहा तुम्ही. हजर सभासदांत बहुमत झालंय. नियम आहे."

पुढच्या आठवड्यात आम्ही निवेदन घेऊन गेलो. फोटोत पळून गेलेले सगळे पुढच्या रांगेत होते. अध्यक्षांनी साहेबांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, टोपी घातली. साहेबांनी चष्मा लावला आणि कागदावरून बोट वरून खाली फिरवत आणलं. पाचव्या ओळीवर ते थांबले. चेहरा उजळला.

"पाणी पाचव्या नंबरवर? वा! म्हणजे शहरात फरक पडलाय म्हणायचा." मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "याची एक झेरॉक्स काढ रे. वर पाठवू."