मंजूर, मंजूर, मंजूर! आला कधी?

आमदारभाऊ, आता बास! दर महिन्याला मोबाइलवर तुमचा कार्यअहवाल येतो. अंगणवाडीला निधी मंजूर, शाळाखोल्या मंजूर, संरक्षक भिंत मंजूर. अरे, पण पैसे आले कधी? काम कुठे झालं?

खान्देशाचं ऊन तुम्हाला नवीन आहे का? एप्रिलमध्ये पारा ४४ च्या वर जातो आणि तीन-चार वर्षांची लेकरं तापलेल्या पत्र्याखाली बसतात. पंखा लटकलाय, पण बिल थकलं म्हणून वीज तोडलेली! अंगणवाडी योजना १९७५ ची. पन्नास वर्षांत पक्कं छत मिळू नये? एका लेकराच्या रोजच्या आहाराचा ८ रुपयांचा दर २०१७ मध्ये ठरला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला. आठ रुपयांत काय येतं हो? बरं, यातला निम्मा वाटा राज्याचा, म्हणजे विधानसभेत तुम्हीच भांडायचं ना? मानधन थकलं तरी सेविकाताई उधारीच्या किराण्यावर खिचडी शिजवतात. शाळेत पाच वर्ग, मास्तर दोन.

पुढच्या वेळी फोटो नको. गावाचं नाव, आलेली रक्कम, झालेला खर्च, एवढंच पाठवा.