बोनेट दाबून शॉकअप कळत नसतो

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शेवटचा चाळीसगावच्या मेहुण्यांनी पाठवला, वर 'पाव्हणे, तुमच्या कामाचं' असं लिहून. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गाडीचा झोका थांबवणारा भाग) बदलणं ही गॅरेजवाल्यांची लूट आहे. बोनेट दाबून सोडा, गाडी एका झोक्यात थांबली तर शॉकअप ठणठणीत. तेल गळत नाही तोवर हात लावू नका. फार तर स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाका. एक गेलाच तर तेवढा एकच बदला, आणि तोही घरी, जॅक लावून. तसाही शॉकअप फक्त आरामासाठी असतो.

लूट होते, मान्य. खटखट आवाज आला की गाडीखाली न वाकताच दोन शॉकअपचं बिल सांगणारे मीही पाहिलेत. तो आवाज बऱ्याचदा लिंक रॉडचा नाहीतर लोअर आर्मच्या बुशाचा, म्हणजे चाकाजवळच्या लहानशा जोडाचा निघतो, आणि ते काम बरंच स्वस्तात होतं. पण डॉक्टर महागडा निघाला म्हणून ताप खोटा ठरत नाही.

आधी बोनेटचं बघू. हाताने दाबता तेव्हा शॉकअपचा दांडा सावकाश खाली जातो. खड्ड्यात तोच दांडा झटक्यात आत घुसतो, पिस्टनच्या बारीक झडपांतून तेल रेटलं जातं, आणि दांडा जितका वेगात तितका तेलाचा विरोध जास्त. शॉकअपचं खरं काम त्या वेगाला असतं, अंगणात ते दिसणार कसं? त्यात सकाळची वेळ, तेल थंड आणि घट्ट. तीच गाडी मे महिन्याच्या दुपारी अमळनेरहून धुळ्याकडे काढा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. खड्डा एकही नसतो, पण पहिल्या लाटेचा झोका निवायच्या आत दुसरी लाट येते. आत तेल तापून पातळ झालेलं असतं. बोनेट दाबून फक्त पार मेलेला शॉकअप कळतो, अर्धमेला नाही.

माझी गाडी या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होत होती. मागे बसलेली आई मात्र दर खेपेला म्हणायची, "गाडी झोका खास रे भाऊ," म्हणजे गाडी झोके खाते. मी काच वर करायचो आणि गाणी लावायचो. शेवटी पुढच्या टायरवर तळवा फिरवला, तर जात्याला टाकी लावल्यासारखे खळगे हाताला लागले. चाक रस्त्यावर टेकून न चालता टपटप उड्या मारत चाललं की टायर असा जागोजागी खातो.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने जुना आणि नवा शॉकअप शेजारी उभे केले. नव्याचा दांडा तळापर्यंत दाबून सोडला, तो आतल्या वायूच्या दाबाने हळूहळू आपणहून वर आला. जुन्याचा दाबला, तर पहिली दोन बोटं हवेत हात घातल्यासारखा गेला, मग जरासा अडला, आणि खाली गेला तो तिथेच बसला. बाहेरून कोरडा खडखडीत. तेलाचा थेंब नाही, डस्ट कव्हरसुद्धा शाबूत. तेलाच्या मुद्द्याला यापेक्षा वेगळं उत्तर काय द्यायचं? उलटंही खरं आहे : नुसता तेलकट घाम दिसला म्हणून बदलायची घाई नको. शॉकअपची नळी ओली होऊन तिच्यावर धुळीचा चिखल धरू लागला, की मग विषय संपला.

"फक्त आरामासाठी" हे वाक्य मात्र धोक्याचं आहे. छोट्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला नुसता शॉकअप नसतो, स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच खांब. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरने 1940 च्या दशकात आखलेली ही रचना मारुती 800 मध्येही होती आणि आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत आहे. गाडीचं वजन, स्प्रिंग, चाकाचा उभेपणा, सगळं याच खांबावर. स्टेअरिंग वळवलं की तोही फिरतो. तो ढिला पडला की ब्रेक मारताच गाडी नाकावर बसते, मागची चाकं हलकी होतात. जे चाक क्षणभर जमिनीवरून सुटलं, त्या क्षणाला ते ना ब्रेक लावतं ना वळतं. ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं एबीएस असलं तरी त्याला पकड रस्त्याकडूनच मिळायची असते. रात्री समोर मागचा दिवा नसलेली कापसाची ट्रॉली उभी असेल, तेव्हा हा आराम नेमका कुणाचा?

बफरने गाडी उचलली जाते, गतिरोधकावर पोट घासत नाही. मागे कायम पोती नि माणसं असतील तर त्याचा उपयोगही आहे. पण तो स्प्रिंगला कडक करतो, झोका थांबवत नाही. झोका थांबवणं शॉकअपचं काम, आणि कडक स्प्रिंग आवरायला त्याला उलट जास्त जोर लागतो. थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी दोन पोती टाकल्यासारखं.

एकच बदलायचा? समोरून ट्रक आला की आपण डावी चाकं साइडपट्टीवर उतरवतो, म्हणून माझाही डावाच आधी गेला. तरी उजवा तेवढेच किलोमीटर चाललेला होता. एक ताजा आणि एक थकलेला असला की लाटेवर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. पुढचे बदलायचे तर पुढचे दोन्ही.

राहिलं घरी जॅक लावून. स्ट्रटच्या डोक्यावर मधोमध एक मोठा नट असतो. स्प्रिंग त्याच्या जोरावर दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने, म्हणजे आवळायच्या आकड्यांनी, स्प्रिंग आवळल्याशिवाय तो सोडलात तर ती जबडा फोडील. मिस्त्रीने स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी हे आकडे लावले, एक आटा इकडे, एक आटा तिकडे, आणि तेवढा वेळ तोंड बाजूला ठेवून काम केलं. त्याआधी ब्रेकची नळी स्ट्रटवरून सोडवून घेतली, चाकाचं वजन तिच्यावर लोंबकळू नये म्हणून. माउंटिंग (स्ट्रटची वरची बैठक) आणि बंप स्टॉपर (दांडा तळाला आपटू न देणारा रबर) हेही नवे टाकले. जुन्या माउंटिंगचं बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू दळल्यासारखं वाजत होतं. खालचे दोन बोल्ट सुटले की चाकाचा कोन हलतो, म्हणून तिथून गाडी घरी न आणता थेट व्हील अलाइनमेंटला नेली.