चाळीस हजारांत संशोधक व्हा!

सीड मनीचं, म्हणजे प्राध्यापकांना संशोधन सुरू करायला मिळणाऱ्या छोट्या निधीचं, परिपत्रक आलं की आधी त्याची तारीख बघा. परिपत्रक निघतं 12 तारखेला, कॉलेजच्या आवकला पडतं 21 ला, विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं 24 ला आणि अर्जाची शेवटची तारीख असते 25. घाबरू नका, मुदतवाढ मिळते. या अख्ख्या योजनेत वेळेवर होणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

आता विषय. तुमच्या डोक्यात खरोखरचा एखादा प्रश्न असेल तर तो आधी काढून टाका. समजा, तुम्ही प्राणिशास्त्राचे, गाव परभणीकडचं, 2017 साली गुलाबी बोंडअळीनं घरची पऱ्हाटी डोळ्यांदेखत खाल्लेली. तुम्हाला वाटणारच की चार शिवारांत कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे) लावावेत, रोज सकाळी पतंग मोजावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, हे शेतकऱ्याला सांगितलेलं असतंच. आपल्या शिवारात ती वेळ कोणत्या आठवड्यात येते, एवढंच तुम्हाला बघायचंय. प्रश्न लहान, खर्च लहान, उत्तर मिळण्यासारखं. असला अर्ज कोण मंजूर करतं, सर?

त्यापेक्षा शीर्षक द्या : ‘मराठवाड्यातील कापूस उत्पादकांच्या शाश्वत विकासात एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे योगदान : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)’. यात सापळा मावतो, शेतकरी मावतो आणि वेळ पडली तर वहिनींची पीएच.डी.सुद्धा मावते.

सादरीकरणाला पाच मिनिटं मिळतील. समितीत तज्ज्ञ असतात, फक्त तुमच्या विषयाचे नसतात. ते दोनच प्रश्न विचारतात : ‘सॅम्पल साईज किती?’ आणि ‘समाजाला उपयोग काय?’ पहिल्याला ‘दोनशे’ म्हणा. दुसऱ्याला दुष्काळ म्हणा. आपल्याकडे दुष्काळ कुठल्याही विषयाला लागू पडतो, अगदी इंग्रजी कवितेलासुद्धा.

विभागप्रमुख ‘मलाही सहसंशोधक म्हणून घ्या की’ म्हणाले तर मात्र सावध. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत दहा लाखांच्या आतला प्रकल्प पूर्ण केला की बढतीसाठी 5 गुण मिळतात आणि संयुक्त प्रकल्प असेल तर ते दोघांत निम्मे-निम्मे होतात. नीट वाचा : दहा लाखांच्या आतला. म्हणजे नऊ लाखांचा असो की चाळीस हजारांचा, गुण तेवढेच. आपल्यासारख्या गरिबांवर आयोगानं केलेली ही एकमेव मेहेरबानी आहे, तिचे अडीच गुण चहावर घालवू नका.

मंजुरी जुलैत जाहीर होईल, असं परिपत्रकात लिहिलेलं असतं. जुलैत तुम्ही फोन करा. ‘फाईल फिरायलीय सर.’ ऑगस्टमध्ये करा. ‘टिपणी वर गेलीय, साहेबांची सही ऱ्हायली.’ तिकडे कापूस पात्यावर येतो, फुलावर येतो, बोंडं धरतात, पतंग येतात, अंडी घालतात आणि कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. पैसे खात्यावर येतात फेब्रुवारीत. तोवर शिवारात पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात. आणि सगळी रक्कम खर्च करायची 31 मार्चच्या आत! म्हणून म्हटलं, विषय असा घ्या की ज्याला हंगाम लागत नाही. प्रश्नावलीला हंगाम नसतो. ती स्टाफरूममध्येही भरता येते. (भरतात. दोनशेच्या दोनशे भरतात, दोन रंगांच्या पेनांनी.)

तरीही सापळ्यांचा हट्ट सुटत नसेल तर तीन दरपत्रकं आणा. मोंढ्यातला दुकानदार शहाणा असतो. तो एकटाच तिन्ही देतो. तीन लेटरहेड, तीन शिक्के, तिन्हीवर ‘कामगंद सापळे’ असं एकसारखंच चुकलेलं. तुलनात्मक तक्त्यात त्याचाच दर सर्वांत कमी निघतो. चूक दुरुस्त करायला सांगू नका, एका कागदावर शुद्ध आणि दोनवर अशुद्ध झालं की शंका येते.

प्रवासखर्चाचं वेगळं शास्त्र आहे. काळी-पिवळीवाला पावती देत नाही, शेतकरी आपल्याच मोटारसायकलवर बांधापर्यंत सोडतो आणि वर जेवू घालतो. हे सगळं संशयास्पद आहे. एसटीनं जा. पण मशीनच्या तिकिटावरची शाई चार-सहा महिन्यांत उडते आणि लेखापरीक्षक त्यानंतर येतात. त्यांच्यापुढे कोऱ्या चिठ्ठ्यांची चळत ठेवून ‘हा माझा मानवतचा प्रवास’ म्हणण्याची पाळी येऊ द्यायची नसेल, तर तिकिटाची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. झेरॉक्सचीही पावती घ्या.

लेखापरीक्षक विचारतील, ‘सापळे साठा नोंदवहीत चढवले का? सध्या कुठे आहेत?’ वाऱ्यापावसानं गेले, असं खरं सांगाल तर निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, वेगळा प्रस्ताव द्यावा लागेल, त्याला वेगळी समिती. तेव्हा दोन-चार सापळे कपाटात कोरे ठेवलेलेच बरे. पतंग किती सापडले, हे मात्र कुणीही विचारणार नाही. तो आकडा तुम्ही वहीत निवांत ठेवू शकता. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषात सीड मनी किती वाटला याला रकाना आहे, पतंगांना नाही.

शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. अखर्चित रक्कम व्याजासह परत करायची. समजा 37 रुपये उरले. त्याचा डीडी काढायला बँक त्याहून जास्त कमिशन घेईल, आणि ते कमिशन प्रकल्पखर्चात धरता येत नाही, कारण तसं खर्चाचं शीर्षच मंजूर नसतं. मुकाट्यानं खिशातून भरा. मात्र डीडी जावकला देताना पोच घ्या आणि ती जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती अनुक्रमांक 9 चं जोडपत्र म्हणून तीन प्रतींत लागते.