विशेष मुलाला सरळ करण्याचे सोपे उपाय

तुमच्या नात्यात, वर्गात किंवा सोसायटीत एखादं ऑटिस्टिक (बोलण्या-वागण्याची, जग जाणवण्याची तऱ्हाच जन्मतः वेगळी असलेलं), एडीएचडीवालं (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं जड जाणारं) किंवा नुसतंच 'जरा वेगळं' मूल असेल, तर अभिनंदन. वैद्यक, शिक्षण आणि बालसंगोपन या तिन्ही विषयांत बोलायचा परवाना तुम्हाला आपोआप मिळाला आहे. तो नीट कसा वापरावा, याबद्दल चार गोष्टी सांगते. माझा अधिकार एवढाच, की मी अशा एका सातवीतल्या मुलाची आई आहे आणि गेल्या आठवड्यात त्याच्या शाळेने माझा उरलासुरला संयमही जमा करून घेतला.

सुरुवात निदानापासून करा. डॉक्टर काहीही म्हणोत, तुम्ही पोराकडे एकदा नखशिखांत बघा आणि म्हणा, "दिसत तर नाही गं तसा!" हे कौतुक आहे असं समजून आई हसेल. मग सर्टिफिकेटचा विषय काढा. सरकारी दवाखान्यात ४० मुद्द्यांवर मुलाला गुण देतात आणि त्यावरून दिव्यांगत्वाचे टक्के लिहून देतात. आमच्या सर्टिफिकेटवर ५० आहेत. ते ऐकून आमच्याकडचे एक काका मनापासून म्हणाले, "म्हणजे अर्धा नॉर्मल आहे की!" काका बँकेतून रिटायर झालेत, टक्क्यांतलं त्यांना कळतं.

दुसरं होऊ द्या, त्याला बघून हा शिकेल, हे सुचवायला विसरू नका.

दोष कुणाचा ते लवकर ठरवून टाका. आईचाच. नोकरी करत असेल तर नोकरी करते म्हणून, घरी असेल तर लाडावून ठेवला म्हणून. यात लाजण्यासारखं काही नाही, याला मोठी परंपरा आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं भलेभले डॉक्टर आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं म्हणून सांगत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून हे खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. ते पुस्तक आमच्या आत्याबाईंपर्यंत अजून पोचायचंय.

औषधोपचारांत कमी पडू नका. ब्राह्मी, दृष्ट, मोबाइल बंद, गहू बंद, दूध बंद. जिभेला वेखंड उगाळून लावायला सांगा. माझा मुलगा बोलतो, एसटीच्या वेळापत्रकाबद्दल तर तासन्‌तास बोलतो, पण ही माहिती मध्ये आणून उपायाची मजा घालवू नका.

अंगाला हात लावलेला त्याला सहन होत नाही असं कळलं, की आधी जवळ ओढून मुका घ्या. सवय होते.

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे वाक्य तर हाताशीच ठेवा. तुमच्या वेळी अशा मुलांना मठ्ठ, वेडसर, येडं म्हणत, मास्तर बडवत आणि तिसरी-चौथीनंतर शाळा सुटून ती गुरांमागे जात. म्हणजे खरंच असलं काही नव्हतं. वर्गात तरी नव्हतं.

आता शाळा. शाळांनी २ एप्रिलचा ऑटिझम जागृती दिन साजरा करावाच. निळे टी-शर्ट, निळे फुगे, फोटो, आणि मोकळ्या मैदानात स्पीकरवर दणदणीत गाणी. ज्याच्यासाठी हा सगळा दिवस आणि ज्याला आवाजाचा त्रास होतो, तो पोरगा कान दाबून मुतारीत उभा होता. फोटोत तेवढा तो नाही.

प्रवेश देताना 'आम्ही सर्वसमावेशक आहोत' म्हणा, आणि जूनमध्ये पालकांना बोलावून स्वतःच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्याजवळ बसून मदत करणारी बाई, ठेवायला सांगा. प्राथमिकला अशा दर १० मुलांमागे आणि त्यापुढे दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितलंय, असं कुणी शहाणपणा करून बोललंच, तर "मॅडम, ते सरकारी शाळांचं असेल" एवढं पुरतं.

आणि परीक्षा. परीक्षेत सपोर्ट कसा करावा, हे आमच्या शाळेकडून शिकावं. तासाला २० मिनिटं जादा वेळ ही सवलत आहे. बोर्डाला आहे, खालच्या वर्गांना आहे, आम्ही शाळेची मेहेरबानी मागत नाही. जूनमध्ये अर्ज दिला, सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली. ऑगस्टमध्ये परत मागितली, परत दिली. सहामाहीच्या आधी वर्गशिक्षिकांना आठवण केली. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका, पत्र फाईलला लावलंय." फाईलला लावलंय! ते सुपरवायझरला द्यायचं असतं बाई, फाईलला काय परीक्षेला बसायचंय?

भूगोलाचा पेपर ११ ते १. याचा १:४० पर्यंत. आम्ही आठवडाभर तेच घोकत होतो. त्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवलं होतं, १:४०. तुमच्याआमच्यासाठी वेळ म्हणजे साधारण अंदाज असतो. त्याच्यासाठी १:४० म्हणजे १:४०, त्याच भरवशावर तो त्या गोंगाटात दोन तास बसू शकतो. १ ची घंटा झाली आणि सुपरवायझरने पेपर ओढला. नकाशा अर्धा भरून झाला होता, गोदावरी काढली होती, कृष्णा राहिली होती. तो म्हणाला, १:४०. ते म्हणाले, उठ. तो परत म्हणाला, १:४०. त्यांनी दंडाला धरून उठवला. मग तो किंचाळला.

मला फोन आला तो असा: "तुमच्या मुलाने वर्गात तमाशा केलाय, घेऊन जा."

मी पोचले तेव्हा तो ऑफिसबाहेरच्या बाकाखाली होता आणि आठवी-नववीची मुलं दारातून वाकून बघत होती. कुणी त्यांना हाकललंही नव्हतं. मुख्याध्यापकांनी समजूत घातली, माझी. सर नवीन आहेत. बाकीचे पालक विचारतात, याच्यासाठीच वेगळा नियम का, इतरांवर अन्याय होतो. आणि शेवटी, जणू पदरचं काही देतायत अशा सुरात, "पास तर आपण त्याला करतोच ना!"

पास करता म्हणजे? त्याला नकाशा येतो हो. तुमच्या अख्ख्या स्टाफपेक्षा चांगला येतो. महाराष्ट्रातल्या नद्या तो उगमापासून सांगतो. तुमच्याकडून त्याला मार्कांची भीक नको होती, ४० मिनिटं हवी होती. आणि ते 'बाकीचे पालक', व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंगठे दाखवणारे, त्यांना विचारते: ज्याला प्रश्न वाचून मनातलं उत्तर हातापर्यंत आणायलाच दुप्पट वेळ लागतो, तो ४० मिनिटं जास्त बसला म्हणून तुमच्या मुलीचा कुठला मार्क गेला?

राहू द्या ते उपाय आणि सूचना. सरळच बोलते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. ऑटिझम त्याच्या यादीत आहे, अध्ययन अक्षमता आहे. मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्या, हे कलम १६ मध्ये लिहिलंय. कलम ९२ पण वाचा. अशा माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मला कोर्टात जायचं नाही, वेळही नाही, थेरपीच्या फिया भरून पैसेही नाहीत, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तुमचं धाडस होतं. शिक्षक म्हणवता स्वतःला, बारा वर्षांच्या पोराच्या दंडाला धरता आणि वर तमाशा त्याने केला म्हणता. लाज वाटली पाहिजे.

'गैरसमज झाला' असा मेसेज आलाय. मला नका पाठवू. त्याच्याशी बोला, तो समोर बसतो, त्याला सगळं कळतं. त्या सरांनी त्याला सॉरी म्हणायचं, वर्गात, सगळ्यांसमोर, जसं उठवलं तसं. मग पुढचा पेपर किती वाजता संपणार ते त्याच्या वहीत लिहून द्यायचं, आणि तेवढ्या वाजेपर्यंत त्याच्या बाकाजवळ कुणीही जायचं नाही.